धाकट्याचा रोग

या, असे जवळ येऊन बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरका, समुद्रावरून वारा सुटलाय, निम्मे शब्द तोच पळवून नेईल. तुम्हाला एका पावलाची गोष्ट सांगायची आहे. पाऊल देवाच्या वाटेवर रक्तबंबाळ झालं, सगळ्या बंदरानं ते पाहिलं, आणि ज्याचं होतं त्यालाच तेवढा पत्ता नव्हता.

पाऊल आव्हेलिनोचं. आमच्या पोव्हुआ बंदराच्या दक्षिण आळीतला हा कोळी, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप, खांद्यानं रुंद आणि बोलण्यात आखूड. ऑगस्टच्या मध्यावर देवमातेचा सण येतो, लापाच्या चर्चमधून तिची पालखी बंदरावर निघते, तेव्हा पुढच्या दांड्याला उजवा खांदा त्याचाच. आणि तोही अनवाणी. नवस होता त्याचा. धाकट्या भावाला, झेफेरिनोला, त्या रोगानं लवकर गाठू नये म्हणून बोललेला.

तो रोग म्हणजे कोणता, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. पावलांचा रोग म्हटलं की बायका क्रूसाची खूण करतात. आधी तळपाय बधिर होतात, मग रात्री आग आग करतात, मग पाय काटकीसारखे वाळतात, पोटात अन्न ठरत नाही, आणि रोग वर वर चढत काळजाला भिडतो. आव्हेलिनोचे वडील त्यातच गेले, आजोबाही त्यातच. दोघंही आपापल्या घरातले धाकटे.

इथंच सगळी मेख आहे. आमच्या कोळ्यांत प्रत्येक घराचं एक चिन्ह असतं. जाळ्यावर, वल्ह्यावर, थडग्यावरसुद्धा नावाऐवजी तेच कोरलेलं. थोरला मुलगा बापाच्या चिन्हात एक रेघ वाढवून ते आपलं करतो, त्याच्यामागचा दोन. धाकट्याला मात्र बापाचं चिन्ह जसंच्या तसं मिळतं, कारण म्हातारपणी आईबाप राहतात त्याच्याकडे. घर त्याचं, नाव त्याचं. आणि या घरानं नकळत एक गोष्ट त्यात जोडून टाकली, की रोगही त्याचाच. चिन्ह जिकडे, रोग तिकडे. आजोबांचं तसंच झालं, बापाचं तसंच झालं; मग झेफेरिनोचं वेगळं काय होणार?

म्हणून झेफेरिनोला लहानपणापासून सगळ्यांनी काचेच्या भांड्यासारखं जपलं. समुद्रावर नेलं नाही, गार पाणी पायाला बाधेल म्हणून. धक्क्यावर बसून तो जाळी दुरुस्त करायचा. टोपलीतला चांगला मासा त्याला, चुलीजवळची खुर्ची त्याला. नाताळात प्रत्येक आत्या-मावशी त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणायची. घरात इतके मोजे झाले होते की एखाद्या गोमेलाही पुरून उरले असते. डबाबंद माशांच्या कारखान्यातल्या आल्मेरिंदाला त्यानं शब्द दिला होता, तो त्यानं स्वतःच परत घेतला. "विधवा करायला लग्न कशाला करू?" म्हणाला. ती भावाबरोबर फ्रान्सला निघून गेली. तपासणी? ती कुणी केलीच नाही. ठाऊक असलेल्या गोष्टीची कसली तपासणी करायची?

तर त्या वर्षीची मिरवणूक. नौकांचे भोंगे वाजतायत, आकाशात दारूकाम फुटतंय, माता समुद्राकडे तोंड करून उभी. आणि धक्क्याच्या दगडांवर आव्हेलिनोच्या मागं लाल पावलं उमटत चाललेली. कुठल्याशा फुटक्या बाटलीची काच तळव्यात रुतली होती. चेहऱ्यावर मात्र वेदनेची एक रेषा नाही, ओठांवर मातेचं गाणं. बायकांनी शालीच्या टोकांनी डोळे पुसले. "काय भक्ती म्हणायची ही! देहाचं भानच नाही बघ!"

भक्तीत देहाचं भान हरपतं, हे खोटं नाही. गाणाऱ्याच्या तोंडून देवाचं नाव ऐकताना तहानभूक विसरलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण गर्दीत एक जण होती जिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, ती त्या लाल पावलांकडे निरखून बघत होती. ती ओतिलिया.

ओतिलिया त्याच आळीतली, कोळ्याचीच पोर, आता पोर्तो शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. बाप्तिस्म्याच्या वेळी आव्हेलिनोच्या बायकोनं, फेलिस्मिनानं, तिला हातावर धरलं होतं, म्हणून ती फेलिस्मिनाला माय म्हणायची. पालखी खाली ठेवल्याबरोबर तिनं आव्हेलिनोला दंडाला धरून घरी आणलं, पायरीवर बसवलं आणि तळवा धुवायला घेतला.

"काका, डोळे मिटा."

"का? मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावतेस की काय?"

"मिटा हो. आता सांगा, मी कुठल्या बोटाला हात लावलाय?"

आव्हेलिनोनं डोळे मिटले. "अंगठा."

तिनं कुठंच हात लावला नव्हता. तिच्या हातात ती काढलेली काच होती, दाताएवढी मोठी.

"गारठ्यानं बधिर झालाय," तो म्हणाला.

"ऑगस्टमध्ये?"

"कोळ्याच्या पायाला ऑगस्ट काय न् जानेवारी काय."

फेलिस्मिना दारात पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिचं तोंड आळीत प्रसिद्ध, पण आज आवाज उतरला होता. "ओतिलिया, सकाळी कॉफी सांडली याच्या पायावर, तेव्हाही हा हूं की चूं बोलला नाही. मी म्हटलं, नवरा सुधारला."

"काका, तपासून घ्या. नुसतं रक्त द्यायचंय."

"मी? मी थोरला आहे. माझ्या चिन्हात रेघ आहे, पोरी. तो रोग धाकट्याचा."

ओतिलियानं पाय पुसून मांडीवर घेतला. "रोगाला तुमची रेघ वाचता येत नाही. ऐका तरी. माणसाचं शरीर असंख्य पेशींचं, आणि प्रत्येक पेशीत प्रथिनं राबत असतात. कुणी बांधतं, कुणी तोडतं, कुणी ओझी वाहतं."

"प्रथिनं आम्हाला शिकवतेस?" फेलिस्मिना म्हणाली. "जन्मभर टोपलीत घालून विकली. सार्डिनमध्ये ठासून भरलेली असतात म्हणे."

"तीच गं माय, पण माणसातली. यकृतात एक प्रथिन तयार होतं, त्याचे चार तुकडे एकमेकांना धरून रक्तातून ओझं वाहून नेतात. आज काकांनी पालखी नेली ना, अगदी तसं. चार खांदे. चौघं एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवून चालतात तोवर ठीक. पण काही घराण्यांत या प्रथिनात जन्मापासून एक बारीकसा फरक असतो, माळेत एका मण्याच्या जागी दुसराच मणी ओवला जावा तसा. मग ते भोई एकमेकांना नीट धरून राहत नाहीत. सुटतात, पांगतात, वेडेवाकडे दुमडतात, आणि असे दुमडलेले एकमेकांत अडकून त्यांचे धागे होतात. ते धागे नसांमध्ये साचतात. सगळ्यांत लांब नसा कुठल्या? पावलांच्या. म्हणून सुरुवात तिथून."

आव्हेलिनो पायाकडे बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा.

"मी दिवसभर तेच धागे बघते, काका. आणि आता एक गोळी निघालीय. ती त्या चार भोयांना कमरेला पट्टा बांधल्यासारखी एकत्र धरून ठेवते, सुटूच देत नाही. मात्र साचलेलं ती काढत नाही, गेलेलं परत आणत नाही. पुढचं अडवते. म्हणून लवकर घ्यायला हवी. आज पाय बधिर आहे. उद्या तो उचलणार नाही."

"आणि हा फरक धाकट्यालाच—"

"नाणं उडवल्यासारखं असतं. प्रत्येक पोराच्या वेळी नवं नाणं. थोरला, मधला, धाकटा, त्याला काही माहीत नसतं."

"माझ्या आजोबाच्या वेळी आणि बापाच्या वेळी, नाणं दोन्हीदा तसंच पडलं होय?" आव्हेलिनो उठला, लंगडत नव्हता, कारण दुखतच नव्हतं. "मला काही झालेलं नाही. मला काही व्हायचं असतं तर झेफेरिनोला कशाला..." वाक्य त्यानं तिथंच टाकलं आणि आत गेला.

त्या टाकलेल्या वाक्यात सगळं होतं, बरं का. रोगाची भीती त्याला होतीच. पण तिच्याहून मोठी भीती ही, की आपल्याला असेल तर मग भावाचं हे सगळं आयुष्य कशापायी गेलं?

फेलिस्मिना रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरून पाहिला. आव्हेलिनो दगड. शेवटी ती धक्क्यावर दिरासमोर जाऊन बसली. झेफेरिनोनं जाळ्याच्या गाठी न थांबवता सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी तो भावाकडे आला.

"दादा, मी तपासून घ्यावं म्हणतो. कुठवर आलंय ते तरी कळेल. पण एकट्यानं व्हायचं नाही माझ्याच्यानं. तू चल."

धाकट्यानं म्हटलं असतं तर आव्हेलिनो त्याला पाठुंगळी घेऊन पोर्तोला गेला असता. गेले. तिथं सुई पुढं आली तशी झेफेरिनोनं बाही खाली ओढली.

"आधी दादाचं घ्या."

"माझं कशाला रे?"

"भीती वाटते. तू दिलंस तर देईन. नाहीतर हा मी उठलो."

"एवढा घोडा झालास तरी..." आव्हेलिनोनं कुरकुरत हात पुढं केला. त्याला वाटलं, आपण लहान भावाची समजूत काढतोय. समजूत कोण कुणाची काढत होतं, ते दवाखान्यातल्या नर्सलाही कळलं असेल.

काही आठवड्यांनी उत्तर ऐकायला पुन्हा गेले. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी एकेकाला आत बोलावलं, तर दोघंही एकदमच उठले. "एकत्रच सांगा," झेफेरिनो म्हणाला. ओतिलियाही मागं येऊन उभी राहिली.

"झेफेरिनो, तुमच्यात तो फरक नाही."

"म्हणजे अजून आलेला नाही?"

"यायचा असता तर जन्मापासून असता. तो कधीच नव्हता. पुढंही येणार नाही."

झेफेरिनो हसला, कारण काय करावं ते त्याला सुचलं नाही. मग बाई आव्हेलिनोकडे वळल्या, आणि त्या काही बोलायच्या आतच त्यानं मान हलवली. "कळलं," म्हणाला.

बाहेर अंगणात एक बाक होता. दोघं भाऊ दोन टोकांना बसले. ओतिलियानं मध्ये कॉफीचे दोन पेले ठेवले आणि ती बाजूला झाली. कॉफी निवली. झेफेरिनो आपल्या बुटांकडे बघत होता. त्यानं एक बूट काढला, मोजा काढला, उघडा पाय दगडावर टेकला. दगड थंड होता. त्याला तो लागत होता. इतकी वर्षं लागत होता, पण दर वेळी त्याला वाटायचं, हे शेवटचं लागणं.

"मी ती गोळी घेणार नाही," आव्हेलिनो म्हणाला.

"का?"

"तुझ्या वाट्याचं मी खाल्लं. समुद्र खाल्ला, संसार खाल्ला. तुला घरात बसवलं ते मीच, बाप गेल्यावर. आल्मेरिंदाला जाऊ दे म्हणून मान हलवली तीही मीच. आता देवानं माप माझ्या पदरात घातलंय. घालू दे."

झेफेरिनो उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भावाचा गळपट्टा धरला. मऊ माणूस तो, पण पकड सोडीना.

"देवाच्या नावावर खपवू नकोस! देवानं तुझं माप तुझ्या पदरात घातलं नाही, तुझ्या तळव्यात काच घातली, तेही तुला कळावं म्हणून! रोग नसताना मी निम्मं आयुष्य आजारी होऊन बसलो. मुकाट्यानं मोजे घातले, मुकाट्यानं चुलीशी बसलो. का? तर तुम्हा सगळ्यांना माझी दया येत होती आणि ती मोडायचं धाडस मला झालं नाही. चूक तुझी एकट्याची नाही, मीही कधी विचारलं नाही. आता तू खरा आजारी आहेस, तर शहाण्यासारखा आजारी हो! गोळी घे. नाहीतर मी जे घालवलं ते नुसतंच गेलं, कुणाच्याच कामी आलं नाही."

आव्हेलिनोनं त्याचं मनगट धरलं. म्हणाला, "गळा सोड रे. माझ्या पायाला लागत नाही, गळ्याला लागतं."

दोघंही हसले, आणि हसता हसता थोरला रडू लागला, बंदरावरच्या कुणी कधी पाहिला नव्हता तसा.

"आणि तपासून घ्यायला पोरींना तूच सांगायचंस," झेफेरिनो म्हणाला. "दोघींनाही. थोरली-धाकटी न करता."

आव्हेलिनोनं सांगितलं. गोळी रोज सकाळी घेतो, आणि फेलिस्मिना ती त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नाही. बधिर झालेलं पाऊल बधिरच आहे, पण रोग घोट्याच्या वर चढलेला नाही. ओतिलिया अजून ते धागे बघत बसते. कुणाकुणाच्या रक्तातले, कुठल्याकुठल्या आळीतले.

झेफेरिनो आता भावाच्या नौकेवर जातो. पहिल्या दिवशी बंदर सुटायच्या आत त्याला उलट्या झाल्या, आणि सगळे खलाशी पोट धरून हसले. "चाळिशीतला नवशिका," म्हणाले. तोही हसला. लोक विचारतात, आल्मेरिंदाला कळवलं का? तो म्हणतो, "तिचा संसार आहे तिकडे. कशाला तिच्या ताटात खडा टाकू?"

आव्हेलिनोच्या रोगावर माणसांनी गोळी शोधली, देव त्यांच्या हातांना यश देवो. झेफेरिनोच्या गेलेल्या वर्षांवर गोळी नाही, आणि निघणारही नाही. म्हणून एवढं करा. आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल तेव्हा आजाऱ्यांची नावं घ्याच, ती आधी. पण उठायच्या आधी एका धडधाकट माणसाचंही नाव घ्या. झेफेरिनोचं.