आईच्या बाजूनं

सात महिन्यांची सुरुची दूध पिताना घामाघूम व्हायची. दोन घोट घेतले की थकून डोळे मिटायची. शेजारणी म्हणायच्या, पोर गुणी आहे, रडत नाही. मोतीबाईला मात्र नात कुशीत घेतली की धडकी भरायची, कारण अशीच दमणारी एक पोर तिनं आधी वाढवली होती. ती नेत्रा, सुरुचीची आई. बाळंतपणातच गेली.

कात्रपच्या एका शाळेत लहान मुलांच्या हृदयतपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा जावई दिपेशनं सुट्टी काढली. मोतीबाईही निघाली. तो कामाला गेला की दिवसभर पोर तिच्याकडेच असायची.

नेत्राच्या काळजाला जन्मतःच भोक होतं. लहानपणी ऑपरेशन झालं. लग्न ठरवताना मोतीबाईनं आणि नवऱ्यानं ही गोष्ट गिळून टाकली, पोरीलाही शपथ घातली. करणार काय? आपल्याकडे आजाराचं नुसतं नाव निघालं तरी पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. पोरीच्या भल्यासाठीच केलं, असं मोतीबाई स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागायचं.

"घरात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाय मॅडम."

"आईच्या बाजूनं?"

"कोणालाच नाय. एकदम फिट होती ती," दिपेश म्हणाला.

बोललं तर जावई नात घेऊन जाणार, पुन्हा दारात उभं करणार नाही. तिच्याकडे दुसरं उरलं काय होतं? पण मांडीवर सुरुचीची इवलीशी छाती भात्यासारखी चालली होती.

"तिच्या आयशीला व्हतं," ती म्हणाली. "भोक. लहानपनी ऑपरेशन केलंय. आमी लपवलं."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "आजी, हे कुणाच्या पापानं होत नाही. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांना मात्र ते माहीत असायलाच हवं होतं. बरं झालं, आता तरी सांगितलंत. हिच्या हृदयाची सोनोग्राफी लगेच करू. वेळेत कळलं तर बहुतेक पोरं धडधाकट होतात."

बाहेरच्या बाकावर दिपेशनं पोर स्वतःकडे घेतली. मोतीबाई शिव्यांची वाट पाहत बसली.

"छातीवरची खूण कसली, विचारलं तर म्हणायची, कुंपणाची तार लागली." तो खाली बघत बोलत होता. "शेवटच्या महिन्यात तिला धाप लागायची, आई. जिन्यात मधेच बसायची. मी म्हणायचो, बास कर नाटकं. मुद्दाम चालवायचो तिला, डिलिव्हरी सोपी होते म्हणून."

आतून हाक आली. तो सुरुचीला घेऊन गेला. मोतीबाई बाकावरच राहिली. पोरीचा घात आपण केला, हे ती मनातून कधीचंच जाणून होती. आपल्या लपवण्यानं त्या घातात जावयाचाही नकळत हात लागला, हे तिला आत्ता कळत होतं.