कोसुकेच्या बोटांतला किडा

"निघाला! बघा बघा, किडा निघाला!"

जपानातल्या एका बंदरगावी, देवळामागच्या सभागृहात एकच गलका झाला. गेन्साईबुवानं तीन वर्षांच्या कोसुकेच्या तळहातावर शाईनं मंत्र लिहिला होता, हात मिठाच्या पाण्यात धुतला होता आणि स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं चोळचोळून पुसला होता. आता काळ्या कापडासमोर धरलेल्या त्या इवल्या बोटांच्या टोकांवर केसाहून बारीक पांढरे धागे डोलत होते. अंगातला किडा पोराला रडवतो, तापवतो, डोळे लाल करतो, हे बंदरावरच्या बायका आजीपणजीपासून ऐकत आलेल्या. त्यांनी पटापट हात जोडले.

"वळवळतोय बघा मेला! एवढी गावं फिरलो, पण असला हट्टी किडा नाही पाहिला!" बुवा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येक गावात म्हणत असणार, यात शंका नको.

पोराची आत्या तोमोए दाराशी चरफडत उभी होती. ती इथल्याच शाळेत शिकवायची. कोसुकेचा ताप काही केल्या हटत नव्हता. ओठ फुटलेले, जीभ लालभडक. गावच्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "मला हा कावासाकी आजार वाटतोय. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. शिरेतून औषध देतील, पण ते पहिल्या दहा दिवसांतच नीट लागू पडतं. दिवस घालवू नका."

"वहिनी, हात जोडते तुला. गाडी बाहेर उभी आहे, चल," तोमोए म्हणाली.

कोसुकेच्या आईनं, युकिएनं, सासूकडे पाहिलं. नवरा माकुळ मासळी पकडणाऱ्या बोटीवर, दूर समुद्रात. घरात शब्द सासूचा, म्हणजे किनुआजीचा.

"तुझाही किडा असाच काढला होता लहानपणी. मेलीस का?" किनुआजी लेकीवर कडाडली. "चार बुकं शिकलीस म्हणून आईला अक्कल शिकवायला निघालीस होय गं?"

बायका फिदीफिदी हसल्या. गाडी रिकामीच परत गेली.

आणि काय सांगावं, चारपाच दिवसांत ताप उतरला! कोसुके भाताची पेज मागून खाऊ लागला. पुढच्या आठवड्यात नखांच्या कडेनं त्याच्या बोटांची साल सुटू लागली, तेव्हा तर बुवाचा भाव गगनाला भिडला. "ही किड्याची कात!" त्यानं जाहीर केलं. किनुआजीनं आनंदानं सणासुदीचा लाल भात शिजवला आणि अख्ख्या बंदराला सभागृहात जेवायला बोलावलं.

तोमोए मात्र स्वयंपाकघरातून एक मुळा घेऊन आली.

"बुवा, तुमचा टॉवेल द्या बघू जरा."

बुवा नको म्हणेपर्यंत तिनं तो ओढलाही. मुळा मिठाच्या पाण्यात बुचकळला, टॉवेलनं खसाखसा चोळला आणि काळ्या कापडासमोर धरला. मुळ्याच्या शेंड्यावर पांढरे धागे डुलू लागले.

"बुवा, या मुळ्याला ताप कधीपासून होता हो?"

लोक पोट धरधरून हसले.

"हा टॉवेलचा कापूस आहे," तोमोए म्हणाली. "ओल्या कातडीला चिकटतो, वाळला की उभा राहतो. किडाबिडा काही नाही."

पण बुवा मुरलेला. आवाज न चढवता म्हणाला, "असेल बाई, कापूस असेल. मग ताप कुणी उतरवला? कात कुणी काढली?"

हसू थांबलं. सगळ्यांच्या नजरा पुन्हा बुवाकडे वळल्या.

"कुणीच नाही!" तोमोए ओरडली. "हा ताप दोनेक आठवड्यांत आपोआप उतरतो. सालही आपोआप निघते. या रोगाची चालच तशी आहे. पण तोवर आत हृदयाशी व्हायचं ते होऊन जातं!"

ऐकतंय कोण? लाल भात वाढायला घेतला होता. ऐकलं ते फक्त युकिएनं. दुसऱ्या दिवशी ती कोणाला न विचारता पोराला घेऊन नणंदेसोबत शहरात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही रक्तवाहिनी काडीएवढी हवी. इथे बघा, द्राक्षाएवढी फुगलीय. इतकी फुगली की पुन्हा पहिल्यासारखी होणं कठीण. आत रक्ताची गाठ धरू शकते, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतील, कदाचित जन्मभर. त्या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा पोराला मार लागू द्यायचा नाही."

"तापात असतानाच आणलं असतं तर?"

बाईंनी पडदा बंद केला. "सगळ्यांना नाही, पण बहुतेक मुलांना वाचवता येतं यातून."

बाहेर येऊन युकिए भिंतीला टेकली. "वन्सं, तुम्ही मला फरफटत का नाही नेलंत हो?"

तोमोएला रडू आलं. कोसुके दवाखान्याच्या व्हरांड्यातून धावत सुटला होता, "आत्या, पकड मला!" म्हणत, गाल गुबगुबीत, अंगात ताप नाही की काही नाही. दोघी त्याला थांबवायला धावल्या.

बुवा केव्हाच पुढच्या गावी गेला. किनुआजी अजून विचारते, "पण ताप तर उतरला ना?" काय सांगायचं तिला? बायांनो, बाप्यांनो, ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नसतं, आणि एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीनं दुसरी घडवली असंही नसतं. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण पोराला आधी दवाखान्यात पोचवा आणि तिथल्या बाकावर बसून जोडा.