लोंबी घरात ठेवायची

बियाणे गटाचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की त्यावर फोल्डर उघडायला जावं तर आतला पंखा भातगिरणीसारखा घरघरायचा आणि माउसचा बाण जागच्या जागी समाधी घ्यायचा. शेवटी नीलमने त्यावर एक अगदी हलका फाइल मॅनेजर बसवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. बाणांच्या बटणांनी फोल्डरांमधून फिरायचं, वाय दोनदा दाबून फाइलची प्रत उचलायची, पी दोनदा दाबून हवी तिथे ठेवायची.

नीलम डहाणू रोडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तलासरीच्या पूर्वेकडच्या एका डोंगरी पाड्यावर ती गटाचं काम पाहायची. गटाची प्रमुख लाडकीमावशी, वय साठ, शाळा चौथीपर्यंत. आयुष्यभर तांदळातले खडे न बघता वेचलेली तिची बोटं दोन दिवसांत नीलमपेक्षा जोरात चालायला लागली.

"हे बरं आहे गो," मावशी म्हणाली. "दाबलं तेवढंच करतं. उगाच मधेमधे विचारत नाही."

शुक्रवारी डहाणूला पारंपरिक भाताच्या जातींचं नोंदणी शिबिर होतं. पाड्याच्या नावावर सदतीस जाती नोंदवायच्या होत्या. प्रत्येक जातीचे पाच फोटो हवे होते: मूळ, पान, लोंबी, दाणा आणि शिजवलेला भात. त्यासाठी नीलमने दोन हंगाम चिखलात गुडघे टेकले होते. चार वाजता शिबिर बंद होणार. हुकलं तर थेट पुढच्या वर्षी.

आदल्या दिवशी नीलमने पेन ड्राइव्हवर सदतीस रिकामे फोल्डर तयार केले आणि फोटो भरायचं काम मावशीवर सोपवून ती अर्ज लिहायला बसली. सकाळी निघताना तिने फोल्डर मोजले. सदतीस. आपणच केलेले फोल्डर आपणच मोजून ती समाधानाने एसटीत बसली.

शिबिरातले श्यामकांत साहेब सज्जन होते, फक्त नियमाच्या बाहेर त्यांना श्वासही घेता येत नसे.

"मॅडम, लोंबी कुठाय?"

"राता जातीच्या फोल्डरमध्ये बघा ना सर."

"मूळ आहे, पान आहे, दाणा आहे. भाताबरोबर लोणचंसुद्धा आहे. लोंबी नाही."

सदतीसही फोल्डरांत लोंबी नव्हती. नीलमने बाहेर येऊन फोन लावला. दीड वाजला होता.

"मावशी, लोंब्यांचे फोटो राहिले!"

"राहिले नाहीत, ठेवले. लोंबी घरात ठेवायची असते. सगळं बियाणं कुणी परक्याला देतं का?"

"अहो, ती प्रत असते! आपला फोटो तिथेच राहतो. चार वेळा सांगितलं मी तुम्हाला."

"ते तू सांगितलंस. डोळ्यांनी कुणी पाहिलं?"

"मावशी, चारला बंद होतं हे. साहेबांना लोंबी दिसली नाही तर आपलं वर्ष गेलं."

पलीकडे मावशीने पाड्यावरच्या टेम्पोवाल्या भिकाला हाक मारली.

"बघायचीच आहे ना त्यांना? मग घेऊन येते."

सव्वातीनला भिकाचा चिकूचा टेम्पो दारात उभा राहिला. लाडकीमावशी उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत कॉम्प्युटरचा अख्खा डबा, वर ऊन लागू नये म्हणून लुगड्याचा तुकडा. मागून भिका कीबोर्ड काखेत मारून आला.

"हे काय?" श्यामकांत साहेब उठून उभे राहिले.

"बियाण्याची कणगी," मावशी म्हणाली. "वायर कुठं लावायची?"

साहेबांच्या मॉनिटरला वायर जोडली. काळा पडदा बघून ते घाबरले. "उडाला वाटतं!"

"उडाला नाही साहेब, तो असाच आहे," मावशी म्हणाली आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन सुटली. खाली, आत, लोंबी. बाहेर, खाली, आत, लोंबी. साहेबांची मान पंख्यासारखी हलत राहिली. सदतीस लोंब्या संपल्या तेव्हा त्यांनी रुमालाने चष्मा पुसला.

"उत्तम. आता हे पेन ड्राइव्हवर द्या."

"देणार नाही."

"मावशी!" नीलमने कीबोर्डकडे हात नेला. मावशीने तो पोटाशी धरला.

"लोंबी नेणाऱ्यानं तिच्या जागी काही ठेवून जायचं. आमच्यात तशीच देतात. मूठभर नागली ठेवली तरी चालते."

"बाई, मी इथं नागली कुठून आणू?"

घड्याळात तीन पस्तीस झाले होते. नीलमने आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी अधिकाऱ्याला सूचना केली. "सर, तुमच्या मोबाइलमधला एखादा फोटो ठेवा. कसलाही चालेल."

साहेबांनी नियमावली चाळली. त्यात याची मनाई नव्हती. बरंच शोधून त्यांनी गच्चीवरच्या कुंडीतल्या पहिल्या वांग्याबरोबर काढलेला स्वतःचा फोटो दिला. नीलमने तो केबलने कॉम्प्युटरवर उतरवला.

"एकच आहे," साहेब लाजून म्हणाले.

मावशीने वाय दोनदा दाबलं. मग प्रत्येक फोल्डरमध्ये शिरून पी दोनदा. एका साहेबांचे दोन झाले, दोनाचे तीन. सातव्या फोल्डरला तिचा हात थबकला. ती मागे गेली. पहिल्या फोल्डरमध्ये साहेब होते. दुसऱ्यातही होते. वांगंही कुठे कमी झालं नव्हतं.

"नीलम," ती हळूच म्हणाली, "हा माणूस उचलला तरी तिथंच राहतो."

"हो मावशी."

"मग लोंबीही राहिली असती?"

"हो मावशी."

"मग हे आधी नाही का सांगायचंस? पेट्रोल जाळून आले ना मी!"

भिका भिंतीकडे तोंड करून हसू लागला. मावशीने मात्र काम अर्धवट सोडलं नाही. सदतीसही फोल्डरांत वांग्याचे साहेब बसवले आणि मगच सदतीस लोंब्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. चारला चार मिनिटं असताना शिक्का बसला. पावतीवर पाड्याचं नाव होतं, त्याखाली सदतीस जाती.

मावशीने पावती उलटसुलट बघितली आणि नीलमकडे दिली.

"हिच्या दोन झेरॉक्स काढ. नाही, तीन काढ. आता भीती नाही."