बुटावर बसलेलं कुत्रं

गाडीवाल्या काकांचा तोरा मोठा. नसबंदीसाठी उचललेली भटकी कुत्री पुन्हा आपापल्या गल्लीत सोडायची, हे त्यांचं काम. पिंजऱ्याला गल्लीच्या नावाची चिठ्ठी लावा, म्हणून डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडायच्या. काका म्हणायचे, "एकदा बघितलेलं कुत्रं मी विसरत नाही, बाई."

त्या दिवशी गाडीतली दोन्ही कुत्री तांबडी होती, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. बेकरीच्या गल्लीत पहिलं काही केल्या उतरेना. शेपूट पोटाशी घालून ते काकांच्या बुटावरच बसलं. काकांना हसू आलं. "लळा लागला की काय रे? घर आलं तुझं, जा!" त्यांनी त्याला उचलून खाली ठेवलं आणि गाडी काढली.

दुसरं त्यांनी पुढच्या चौकात, इस्त्रीवाल्या मावशीच्या टपरीपाशी सोडलं. मावशी लगबगीनं बाहेर आली आणि जागीच थबकली.

"हे कुणाचं आणलंत, काका? आमचा कुठाय?"

काकांनी त्या कुत्र्याला परत गाडीत घालून गाडी वळवली. पण बेकरीच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी तोवर परक्याचा निकाल लावला होता. त्याचे टाके नुकतेच सुकले होते. पळून पळणार किती?

काकांनी त्याला पोत्यात गुंडाळून मावशीकडे आणलं. मावशी बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "गाडीतून उतरताना त्रास नाही ना दिला यानं? शहाणा होता हो फार."

काकांच्या बुटावर अजून तांबडे केस चिकटलेले होते.