टीव्ही गेमला लागली कानस

मित्रांनो, गायत्रीच्या घरी कपाटाच्या डोक्यावर, बंद पडलेल्या मिक्सरला टेकून एक पिवळट डबा पडलेला असतो. तो मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो, हे आता सांगूनही कोणाला पटत नाही. मी एक जुना टीव्ही गेम आहे.

माझा जन्म नक्की कुठे झाला ते मलाही ठाऊक नाही. पाठीवर 'मेड इन जपान' असे लिहिले आहे खरे, पण ते लिहिणाऱ्याने जपान पाहिला असेल असे मला वाटत नाही. सुरतच्या बाजारातून निंबाआप्पांनी मला पर्वत पाटियाच्या आपल्या खोलीत आणले. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, ते फिटर होते. थोरली सुषमा आणि धाकटी गायत्री अशा त्यांच्या दोन मुली.

काय दिवस होते ते! शाळेतून आल्या की दोघी माझ्यापुढे मांडी ठोकून बसायच्या. रणगाड्यांच्या खेळात सुषमा किल्ला राखायची आणि गायत्री शत्रूवर धावून जायची. गायत्री हरत आली की सुषमा हळूच स्वतःचा रणगाडा गोळ्यापुढे घालायची. आई सुभद्राबाई ओरडायच्या, "आते पुरे व्हयनं! भाकरी थंड व्हयी गयी." पण रात्री त्याच मला ओढणी घालून झाकून ठेवायच्या. गल्लीतली पोरे मला बघायला दारात उभी राहायची. मी फुगून जायचो.

मग सुषमाचे लग्न झाले आणि ती सुरतजवळच कडोदऱ्याला गेली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. गायत्री त्या सणाच्या वाटेकडे डोळे लावून बसली.

पहिल्याच आखाजीला सुषमा आली, ती पिशवीत खेळाची एक काळी कॅसेट घेऊन. तिचा दीर योगेंद्र याच्याकडे माझ्याहून नवा गेम होता. ती कॅसेट त्याची. "गायत्रे, हाई शिकी ले," ती म्हणाली. "मग तू कडोदराले उनी का आपण दोन्ही संगे खेळू."

पण ती कॅसेट माझ्यात बसेना. मित्रांनो, आमच्या जातीत हा मोठाच दोष. प्रत्येक डब्याचे पोट वेगळे, भाषा वेगळी. एकाचा खेळ दुसऱ्याला पचत नाही. मला बोलता आले असते तर मी तेव्हाच नको म्हटले असते.

गायत्रीचा चेहरा पडलेला पाहून आप्पा उठले. "थांब, मी बसाडी देस. कानसघाई समदं बसस." खात्यात त्यांचा रोजचा अनुभव तसाच होता. एका मागाचा भाग दुसऱ्याला लागेना, तर घासायचा, ठोकायचा आणि माग चालू करायचा. ज्या हातांनी शेकडो माग चालते केले, त्यांनी प्रेमाने ती कॅसेट कानशीने कडेकडेने घासली आणि माझ्यात दाबली. कॅसेट बसली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी बटण दाबले. जळका वास आला आणि पडदा काळा झाला. त्या क्षणी मीही गेलो, ती कॅसेटही गेली.

कडोदऱ्याला परतल्यावर सुषमाने सांगितले, की कॅसेट आपल्याच हातून मोडली. बापाचे नाव तिने घेतले नाही. तिची सासू मंगलाबाई मोठी करारी बाई. दुसऱ्याची वस्तू नेऊन मोडून आणणाऱ्या सुनेला पुढच्या आखाजीला पाठवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. तसा निरोपही आला.

सुभद्राबाई आप्पांच्या मागे लागल्या. "तुमी जा ना. सांगा, मन्हा हातघाई मोडनी."

"व्याहीना दारमा मी मान खाली घालू?" आप्पा म्हणाले, आणि कामावर निघून गेले.

ती आखाजी गेली. तिच्या पुढची गेली. गायत्री गल्लीतल्या मुलींबरोबर झोक्यावर बसायची, पण गाण्यात तिचा आवाज नसायचा. मला दुरुस्तीला न्यायचे कोणाच्या मनात आले नाही. कपाटावरून मी हे सगळे पाहत होतो आणि झुरत होतो.

वर्षे लोटली. मंगलाबाईंचा राग निवळला आणि यंदा सुषमा कडेवर मूल घेऊन आखाजीला आली. योगेंद्रने आठवणीने एक सीडी दिली होती. गायत्रीकडे आता जुना का होईना, कॉम्प्युटर होता. सीडी आत गेली आणि खेळ सुरू झाला. घासणे नाही, ठोकणे नाही. योगेंद्रच्या कॉम्प्युटरवर चालतो तोच खेळ इथेही! सुषमा म्हणाली, की नव्या टीव्ही गेमच्या पोटातही आता कॉम्प्युटरसारखेच भाग घालणार आहेत म्हणे, मग एकच खेळ सगळीकडे चालेल. ऐकून माझा जीव तुटला. हे शहाणपण आमच्या जातीला थोडे आधी सुचले असते तर!

पण खेळ काही रंगेना. गायत्री ताईशी पाहुणीशी बोलावे तशी बोलत होती. थोड्याच वेळात ती चहा ठेवायला म्हणून उठली, ती परत आलीच नाही.

आप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तवय असा गेम राहता, तर इतलं व्हतंच नही."

सुषमा मुलाला थोपटत होती. तिने मान वर केली नाही. "आप्पा, गेमनं काही नही. तुमी एकदाव मन्हा घर येवाले पाहिजे व्हतं."



मित्रांनो, तुमची यंत्रे जपा, हे मी सांगायला हवे. ते तुम्हाला शाळेतही सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या हातून काही मोडले आणि त्याचा आळ दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी डोक्यावर घेतला, तर त्याच दिवशी चपला घाला आणि निघा. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून कडोदऱ्याला दिवसभर रिक्षा सुटत असतात.