कापेल एक, उचलेल दुसरी

दर गुरुवारी दुपारी थेल्मा अमेरिकेतून केक घेऊन येते आणि आमच्या मेव्हिसच्या स्वयंपाकघरात भांडणाला तोंड फुटतं. आम्ही कॅनडात, पण अमेरिका म्हणजे फार लांब नाही. मेव्हिसच्या खिडकीतून नायगरा नदी दिसते, नदीपलीकडे झाडी, आणि पानं गळली की झाडीतून थेल्माच्या मुलीच्या घराचं छप्पर. मुलगी तिला गाडीतून पुलावरून आणून सोडते. मधे फक्त पासपोर्ट बघणारा माणूस, आणि तोही आता थेल्माला आज केक कसला आहे एवढंच विचारतो.

दोघी जुळ्या. जन्म इंग्लंडात, ओल्डहॅमचा. थेल्मा अंमळ आधी जन्मली, आणि ऐंशी उलटली तरी तो मोठेपणा सोडायला तयार नाही. त्यांच्या आईनं एक नियम घालून दिला होता: एकीनं कापायचं, दुसरीनं आधी उचलायचं. कापणारीनं लबाडी केली तर लहान तुकडा तिच्याच पदरात. या नियमावर दोघींची जेवढी श्रद्धा, तेवढी चर्चमधल्या देवावरही नसेल. एक गुरुवार मेव्हिस कापते, एक थेल्मा. मेव्हिसनं कापलं की दोन्ही तुकडे मोजपट्टी लावल्यासारखे. थेल्मानं कापलं की एक हमखास मोठा. मग मेव्हिस मोठा उचलते आणि वर बोलून दाखवते.

"जन्म गेला, पण तुला सुरी धरता आली नाही."

"तुझ्याच ताटलीत जास्त पडतंय ना? मग खा मुकाट्यानं."

मी क्लिफर्ड, मेव्हिसचा शेजारी. तिकडे ओल्डहॅमशेजारच्या रॉचडेलला बस चालवायचो, इथे लेकीच्या घराच्या तळघरात राहतो. माझा वाटा नियमात बसत नाही. दोघी आपापल्या तुकड्याचा एकेक कोपरा मला देतात आणि त्याबद्दल माझ्याकडून चहाची भांडी घासून घेतात.

आता पेन्शनचं सांगतो, कारण त्यावरून माझं डोकं अजून फिरतं. या दोघी ओल्डहॅमला एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात राबल्या. एकच पगार, त्यातून म्हातारपणासाठी दर आठवड्याला एकसारखी कपात. निवृत्त एकाच दिवशी झाल्या, पेन्शन सारखंच बसलं. थेल्माला मुलीनं अमेरिकेत नेलं. मेव्हिसला मूलबाळ नाही, पण तिचा नवरा बर्नार्ड जन्मानं इथला, कॅनडाचा. बहिणीच्या समोर राहता येईल म्हणून दोघांनी नदीचा हा काठ निवडला. पुढे बर्नार्ड गेला, इथल्याच मातीत गेला.

लंडनचं सरकार दर एप्रिलला पेन्शन वाढवतं. ती वाढ अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या लोकांना मिळते. कॅनडात राहणाऱ्यांना मिळत नाही. पहिल्या दिवशी जे ठरलं तेच मरेपर्यंत. आम्ही त्याला गोठलेलं पेन्शन म्हणतो, आणि इथल्या थंडीत तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथलं सरकार थोडाफार हातभार लावतं म्हणून आम्ही तगलो, नाहीतर कठीण होतं. पण दोन सख्ख्या बहिणी, एकाच चुलीवर हात भाजून घेतलेल्या, आणि मधे एक पूल आहे म्हणून एकीचं पेन्शन चढत जातं आणि दुसरीचं बसल्या जागी बसून राहतं. यात न्याय कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

गेल्या शरद ऋतूत लंडनहून एक खासदार आमच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये गाऱ्हाणी ऐकायला आले होते. आम्ही सगळ्यांनी आरडाओरडा केला. सगळ्यात जास्त मी केला, आणि मी काय बोललो ते मलाही आठवत नाही. मेव्हिस शेवटी उभी राहिली आणि नदीपलीकडच्या बहिणीचं पेन्शन कसं वाढतं ते तिनं सांगितलं. खासदार म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण मला समजते. पण या देशाशी आपला तसा करार नाही."

"पगारातून पैसे कापताना मला कुणी नकाशा दाखवला नव्हता," मेव्हिस म्हणाली. "आमच्या घरी कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं असतं, साहेब. तुमच्याकडे कापणारेही तुम्हीच आणि आधी उचलणारेही तुम्हीच."

साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. लिहून घेण्यापलीकडे पुढे काही झालं नाही.

हिवाळ्यात मेव्हिसच्या घरमालकानं भाडं वाढवलं. त्यालाही दोष देत नाही, त्याचेही खर्च वाढलेत. वाढलं नव्हतं ते फक्त मेव्हिसचं पेन्शन. आठवडाभर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मग एका गुरुवारी केक संपल्यावर ती म्हणाली, "मी ओल्डहॅमला परत जातेय. तिथे पाय ठेवला की पेन्शन पुरं होतं. नगरपालिका एक खोलीही देतेय."

थेल्माच्या हातातला कप तसाच राहिला. ओल्डहॅमला आता त्यांचं कुणी नव्हतं. शाळा पाडून तिथे दुकानं झाली होती. जे काही होतं ते इथे होतं: टेकडीवरच्या दफनभूमीत बर्नार्ड, समोरच्या काठावर थेल्मा आणि भिंतीपलीकडे मी.

मी म्हणालो, "हे बघ, यावर साधा उपाय आहे. पेन्शनवाल्यांना कळव की मी अमेरिकेत बहिणीकडे राहायला गेले. थेल्माचा पत्ता दे. राहा इथेच. कोण बघायला येतंय?"

"खरंच गं," थेल्मा म्हणाली. "निम्मा जन्म माझ्या घरी काढलायस. त्यात खोटं किती असणार?"

मेव्हिसनं टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा केला. "मी राहते इथे. लिहायचं तर इथलंच लिहीन."

"ते तुझे पैसे दाबून बसलेत, आणि तू त्यांच्याशी खरं वागणार?" मी चिडलो. "अगं, ते लबाड आहेत."

"म्हणून मीही व्हायचं? क्लिफ, मला त्या खासदारासमोर पुन्हा उभं राहून बोलायचंय. खोटा पत्ता दिला तर कोणत्या तोंडानं बोलू?"

मी हात टेकले. तिच्या त्या नाकासमोर चालण्याचा मला फार संताप येतो. आणि खरं सांगायचं तर तिच्याबद्दल वाटतो तेवढा आदर मला दुसऱ्या कुणाबद्दल वाटत नाही. जिला घर सोडावं लागत होतं, तीच एक खोटी ओळ लिहायला तयार नव्हती, आणि आम्ही दोघं ज्यांचं काही जात नव्हतं ते तिला लबाडी शिकवत होतो.

मार्च सरता सरता तिनं सामान बांधायला घेतलं. मी खोकी आणून दिली आणि प्रत्येक खोक्यावरून तिच्याशी वाद घातला. पडदे उतरले, भिंतीवर फ्रेमच्या जागी फिकट चौकोन उरले. थेल्मानं दोन गुरुवार येणंच टाळलं. गुडघे दुखतात म्हणाली. तिचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखताहेत, त्यासाठीच तर दर हिवाळ्यात ती एखादा पंधरवडा फ्लोरिडाच्या उन्हात जाऊन राहायची. या हिवाळ्यात मात्र गेली नव्हती, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

एप्रिलातल्या शेवटच्या गुरुवारी ती आली. मी आणि मेव्हिस खोक्यांवरच बसलो होतो, कारण खुर्च्या विकल्या होत्या. टेबल तेवढं शिल्लक होतं. थेल्माच्या हातात केक नव्हता.

"केक कुठाय?" मेव्हिसनं विचारलं.

"आज कापायची पाळी कुणाची?"

"तुझी."

"मग मी कापून आणलंय." थेल्मानं पर्समधून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "तुला गोठवल्यापासून माझं जे वाढत गेलं, ते या महिन्याचं. फक्त वाढ, दोन वाटे करून. माझं मूळचं मी ठेवलंय, तुझं मूळचं तुला मिळतंच. दर महिन्याला असंच आणणार. उचल."

मेव्हिसचा चेहरा लाल झाला. "मला भीक नको, थेल्मा."

"भीक कुणी दिली? काम दोघींनी केलं. वाढ दोघींची आली, पण त्यांनी ती पुलाच्या माझ्या बाजूला टाकली. केकसुद्धा माझ्याच घरी होतो. तो कधी मी एकटीनं खाल्लाय?"

"ती तुझी आहे. मला माझी हवीय, त्यांच्याकडून."

"त्यांच्याकडून घे की. भांड त्यांच्याशी, मी येते सोबत. तोवर हे उचल. आईचा नियम आहे. मोडायचा असेल तर तसं सांग, मी पाकिटं घेऊन जाते."

मेव्हिसला कोंडीत पकडता येईल अशी जगात एकच जागा होती आणि थेल्मानं बरोबर तीच धरली होती.

"फ्लोरिडाचं काय?" मेव्हिसनं हळूच विचारलं. म्हणजे तिच्या लक्षात आलं होतं, माझ्याच आलं नव्हतं.

"तिथे सगळी म्हातारी माणसं. कंटाळा येतो."

मेव्हिसनं पाकिटांकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. एक चांगलं फुगलेलं होतं, दुसरं त्याच्या निम्म्यानंही नसेल. मी नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो, जन्म गेला वगैरे. पण ती बोलली ते वेगळंच.

"थेल्मा, शाळेत ट्रेमधला केक कोण कापायचं?"

"मी. का?"

"सगळ्या शाळेचा. आणि पोरं तर कशी, वाटीभर कस्टर्डवरून एकमेकांच्या उरावर बसणारी. तुझ्या तुकड्यांवरून कधी एक पोर तरी तक्रार घेऊन आलं?"

थेल्मा खिडकीबाहेर नदीकडे बघायला लागली. "नसेल आलं."

"म्हणजे तुला कापता येतं."

मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मी खोक्यावरून उठून उगाचच नळ बंद आहे का ते बघून आलो. साऱ्या जन्मात थेल्मानं कापलेला प्रत्येक केक, आणि त्यावर मेव्हिसची बोलणी.

"तू लहानपणी सारखी आजारी असायचीस," थेल्मा शेवटी म्हणाली. "आई म्हणायची हिच्या अंगावर मांसच धरत नाही. मग हाताला तशी सवयच लागली."

मेव्हिसनं हात पुढे केला आणि पातळ पाकीट उचललं.

"अगं, ते नव्हे. नियम काय आहे? दुसरं घे."

"नियम आधी उचलण्याचा आहे. मोठं उचलायचं असं आईनं कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मीच खादाड होते." तिनं पाकीट उघडून आत पाहिलं. "वाढलेल्या भाड्याला जेमतेम पुरतंय. मला तेवढंच हवंय. पुढच्या महिन्यात कापायची पाळी माझी, आणि मी कशी कापते ते तुला माहीत आहे."

थेल्माला हरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. फुगलेलं पाकीट तिनं मुकाट्यानं पर्समध्ये टाकलं. मला रडू येत होतं आणि त्या दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या, तेवढंच बरं झालं.

"हा थेल्माचा न्याय झाला," मेव्हिस डोळे पुसत म्हणाली. "लंडनवाल्यांचा अजून व्हायचाय. हॉलमधली पुढची सभा कधी आहे, क्लिफ?"

"जूनमध्ये."

"माझं नाव दे. पत्ता हाच दे." मग ती मी बसलो होतो त्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ऊठ तिथून. किटली त्यात आहे."