दोन्ही तोंडं पुढे

गोपीचंदने कोंबडीच्या पोटाखाली हात घातला, अंडं मुठीत घेतलं आणि हात तिथेच विसरला. कोंबडीने टोच मारली, पुन्हा मारली, तरी तो हलेना. कोंबडी ज्या खोक्यात बसली होती, त्या खोक्यावरचं चित्र तो पाहत होता.

खोका गुड्डीच्या स्केटबोर्डचा. गुड्डी म्हणजे त्याच्या बहिणीची, गिरजाबाईची पोरगी. सुटीत नागपूरहून दिघोरीला मामाकडे आलेली. पार्सलमध्ये पाटी वेगळी आली, चाकं वेगळी. पाटीखाली चाकं धरणाऱ्या लोखंडी सांगाड्याला ती ‘ट्रक’ म्हणे, आणि हायवेवरचे ट्रक पाहिलेला सारा गाव पोट धरून हसे. तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीने ओढतात त्या लाकडी नंदीला चाकं बसवण्यात गोपीचंदचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याचा एक नंदी म्हणे पोराच्या हातून सुटला तो थेट पवनीला जाऊन थांबला. वाटेत वळणं आली, पण नंदी वळला नाही. रस्त्यालाच सरळ व्हावं लागलं.

तर अशा या माणसाने सकाळी पाटीच्या मधोमध खडूचा दोरा मारून दोन्ही ट्रक बसवले होते. आस दोऱ्याशी काटकोनात, बोल्ट समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने आवळलेले, केसाइतका फरक नाही. दोन्ही ट्रकांची रबर असलेली तोंडं मात्र त्याने पुढे केली होती. जोडीतले बैल काय एकमेकांकडे पाहत जुंपतात?

चित्रातल्या पालथ्या पाटीवर ट्रक एकमेकांकडे पाहत होते.

त्याने मोकळा तळवा हवेत धरला, पाटीसारखा उजवीकडे कलवला. मागची चाकं नेहमीसारखी डावीकडे वळतील. पुढची उजवीकडे वळायची, तीही डावीकडेच. सरळ वाटेवर काहीच कळणार नाही. वळणावर मात्र पोरगी एकीकडे झुकेल आणि पाटी दुसरीकडे पळेल. त्याने अंड्यासकट हात ओढून काढला.

“रुखमे, गुड्डी कुठं गेली?”

“तलावाच्या पाळीवर,” बायको सुपातून नजर न काढता म्हणाली. “तो विक्की मोबाइलवर फिलम काढून राहिला तिची. नव्या उतारावरून येते म्हणे खाली. तुमी अंडं काहून दाबून राहिले?”

तो उतार सिमेंटचा, नुकताच केलेला, काचेसारखा. खाली वळण, आणि वळणावर पाणी सोडायच्या दाराचा दगडी खांब.

गोपीचंद पळाला. रुखमिणी अजून सांगते की तो असा पळाला की त्याची सावली दारातच राहिली आणि मागाहून धापा टाकत आली. त्याला स्वतःला फक्त तो खांब दिसत होता. खांबावर काय काय आपटू शकतं, ते सगळं दिसत होतं. गिरजाबाईचं तोंडही दिसत होतं.

पाळीवर पोट्टे जमले होते. उताराच्या तोंडाशी गुड्डी एक पाय पाटीवर ठेवून उभी होती.

“चाल न वो, बॅटरी उतरून राहिली!” विक्की ओरडला.

गोपीचंदने अंडं त्याच्या हातात कोंबलं आणि भाचीचा दंड धरला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

“नोको उतरू, बाई,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “पुढचा ट्रक उलटा बसवला म्या.”

गुड्डीने खाली पाहिलंच नाही.

“माहीत आहे, मामाजी. हातात घेतल्या घेतल्या दिसलं.”

“मंग? मंग काहून चढली?”

ती उताराकडे पाहत राहिली. तिचा दंड बर्फासारखा गार होता. पाटीवरचा पाय थरथरत होता, आणि त्या थरथरीने चाकं सिमेंटवर बारीक कडकडत होती.

“काल म्याच म्हटलं होतं, उतरून दाखवतो म्हणून. सगळ्याइसमोर. मामाजी, जोरानं सांगा न.”

गोपीचंदने तिच्या पायाकडे पाहिलं. मग तो वळला.

“ए पोट्टेहो!” त्याचा आवाज तलावापलीकडे गेला. “आज कोणी उतरत नाही! पुढचा ट्रक म्या उलटा ठोकला. माही चूक आहे!”

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग हसू फुटलं.

“नंदीवाले मामाजी चुकले बे!”

“बैलही उलटेच जुंपता का वो, मामाजी?”

“जुंपतो,” गोपीचंद म्हणाला. “डोक्श्यात भुसा भरला माह्या. अजून हासा.”

विक्की मात्र अंडं खिशात जपून ठेवून पुढे आला. “मंग आता सरळ करा न. पाना तर असंन. आमी थांबतो.”

गुड्डीचा दंड ताठ झाला. तिने खिशातून पाना काढला; तो सकाळपासून तिच्याजवळच होता. गोपीचंद पाळीवर मांडी घालून बसला, पाटी पालथी घेतली आणि पहिला बोल्ट फिरवू लागला. नंदीचं चाक डोळे मिटून काढणारा माणूस, पण आज पाना बोल्टवर बसेचना. बसला की घसरे. पोट्टे आधी वाकून पाहत होते, मग उभे राहिले, मग जांभया देऊ लागले. कोणाला घरून हाक आली. विक्की तेवढा मोबाइल धरून रेटून बसला.

बोल्ट अखेर सुटला. नट गोपीचंदच्या बोटांतून निसटला आणि काठच्या गवतात पडला.

“हात्तिच्या!” तो म्हणाला.

मामा-भाची दोघंही गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागली. नट उन्हात चमकत होता, दोघांच्याही हाताच्या अंतरावर.

“दिसला का गं?”

“नाही, मामाजी,” गुड्डी म्हणाली, आणि तिने हात दुसरीकडे नेला.